खुर्ची दिलीत, आता खेळीही त्यांनाच करू द्या

पत्र: आम्ही दापोलीत आठ-नऊ जण दर रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या माडीवर बोर्डगेम खेळायला जमतो. सगळे पंचवीस ते पस्तीसमधले. कटान (बेटावर वस्त्या-रस्ते उभारायचा, त्यासाठी वीट, लाकूड, धान्य अशा मालाची देवाणघेवाण करायचा), टिकिट टू राइड (नकाशावर रेल्वेमार्ग जोडायचा), कोडनेम्स (खुणेवरून शब्द ओळखायचा) असे खेळ असतात. गेल्या महिन्यात मी माझ्या आजोबांना घेऊन गेले. वय ७६, निवृत्त शिक्षक, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. शेजारच्या मावशीही आल्या. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि दापोलीत विकायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. आता गुडघ्यांमुळे घरी असतात. आम्ही कटान मांडला. नियम सांगण्यातच अर्धा तास गेला. आजोबांना पत्त्यांवरचं बारीक इंग्रजी दिसेना, मावशींना इंग्रजी येतच नाही. एक मित्र शेजारी बसून दोघांनाही "इथे ठेवा, हे द्या, ते घेऊ नका" सांगत राहिला. डाव साडेदहापर्यंत चालला. त्याआधीच आजोबा "तुमचं चालू द्या" म्हणून गॅलरीत जाऊन बसले होते. आता पुन्हा येता का विचारलं की विषय बदलतात. ग्रुपमधले काही म्हणतात, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा कॅरम आणि ल्युडोचा वेगळा दिवस ठेवू. काहींना वाटतं खेळ रेंगाळतो, हे नकोच. डॉक्टर मात्र म्हणाले की असे खेळ मेंदूला चांगले. मला दोघांनाही आमच्यातच खेळताना बघायचंय. काय करू?
– एक वाचक, दापोली

उत्तर:

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो शेजारी बसून "इथे ठेवा, हे द्या" सांगणारा मित्र. त्याच्या मनात वाईट काहीच नसणार. मोठ्या माणसांना अवघड जाऊ नये म्हणूनच तो सांगत होता. पण त्या संध्याकाळी पटावर रंग गुरुजींचा होता, वस्त्या गुरुजींच्या होत्या आणि खेळत होता तो. आयुष्यभर वर्गात मुलांना "तूच विचार कर, मग सांग" म्हणणाऱ्या माणसाकडे फक्त लाकडी तुकडे सरकवण्याचं काम उरलं, तर तो उठणारच. आपल्याकडची वडीलधारी माणसं अशा वेळी रागावत नाहीत, "तुमचं चालू द्या" म्हणतात. त्याचा अर्थ तुम्हाला कळला, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

तेव्हा आधी ग्रुपमध्ये एक गोष्ट पक्की करा: विचारल्याशिवाय कोणी कोणाला खेळी सांगायची नाही. हा नियम सगळ्यांना लावा. नुसता ज्येष्ठांपुरता ठेवलात तर त्यातही दयाच दिसेल. कोणी विचारलंच, तर "वीट घेतली तर रस्ता होतो, धान्य घेतलं तर वस्तीच्या जवळ जाता" एवढं सांगून गप्प बसायचं. यात सगळ्यात कठीण असतं ते गप्प बसणं. समोरचा माणूस विचार करत असला की तरुणांना अर्धं मिनिटसुद्धा लांबलचक वाटतं आणि तोंड आपोआप उघडतं. वय वाढतं तसा विचारांचा वेग मंदावतो, हे खरं आहे. पण शब्दांचा साठा आणि अनुभवाने आलेली पारख पुष्कळ काळ शाबूत राहते. खेळी उशिरा येईल, कदाचित चुकीचीही येईल, पण ती त्यांची असेल. मुद्दाम हरूही नका. गुरुजींनी हजारो मुलांच्या वह्या तपासल्यात, खोटा डाव त्यांना दोन पानांत ओळखू येईल.

आता जागेचं बघू. तुमची माडी मला डोळ्यांसमोर दिसते: उभा लाकडी जिना, वर एक दिवा, खाली सतरंजी. मावशींचे गुडघे दुखतात हे तुम्हीच लिहिलंय. मग खेळ तळमजल्यावर, ओटीवर किंवा पडवीत आणा, आणि टेबल-खुर्च्या मांडा. खुर्चीला पाठ हवी आणि हातही हवेत, म्हणजे उठताना कोणाचा आधार मागावा लागत नाही. बाथरूम कुठे आहे ते आल्या-आल्या सहज दाखवून ठेवा. हे कोणी तोंडाने विचारत नाही आणि पुष्कळ वयस्कर माणसं नेमकी त्याच काळजीने लवकर घरी जातात.

उजेडाबद्दल तर मी हट्टच धरेन. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळा आणि हिरवा, निळा आणि जांभळा यांतला फरक पुसट होतो. तुम्हाला जिथे पाच रंग दिसतात, तिथे गुरुजींना साडेतीन दिसत असतील आणि ते कबूल करायचा त्यांना संकोच वाटत असेल. टेबलावर थेट उजेड पडेल असा एक चांगला दिवा टांगा. तो डोळ्यांवर येऊ देऊ नका आणि चकचकीत पत्त्यांवर त्याची तिरीप पडत नाही ना, तेही त्यांच्या खुर्चीत स्वतः बसून बघा. पावसाळ्यात दापोलीत लाईट जाणार हे धरूनच चाला, चार्जिंगचा दिवा भरलेला ठेवा.

ऐकू येण्याचंही तसंच. उतारवयात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात आणि वाक्य ऐकू येऊनही समजत नाही. त्यावर ओरडून उपयोग नसतो. समोर बघून, जरा सावकाश बोलावं, एका वेळी एकानेच बोलावं, आणि मोबाइलवरची गाणी बंद करावीत. कौलांवर पाऊस कोसळत असताना तर पंचविशीतल्यांनाही धड ऐकू येत नाही.

आणखी एक छोटी वस्तू करून घ्या. सुताराकडून वीतभर लांबीच्या लाकडी पट्ट्या आणा आणि त्यांत जरा तिरकी खाच पाडून घ्या. खाचेत पत्ते उभे राहतात, हात मोकळे राहतात. ज्यांची बोटं आखडतात किंवा थरथरतात त्यांना तेरा पानांचा पंखा धरून बसणं हीच शिक्षा असते. पट्ट्या सगळ्यांसाठीच करा, तरुणही वापरतील.

आता खेळाची निवड. कटान वाईट खेळ नाही. १९९५मध्ये आलेला हा खेळ अजूनही घराघरांत खेळला जातो तो काही उगाच नाही. पण पहिल्या दिवसासाठी तो चुकला. सुरुवातीलाच वस्त्या कुठे मांडायच्या हा सगळ्यात अवघड निर्णय, आणि तो नवख्याला काहीच कळत नसताना घ्यावा लागतो. तिथे चुकलं की पुढचे दोन तास हात चोळत बसायचं. शिवाय काही पत्त्यांवर मजकूर असतो, तोही इंग्रजीत.

पेटी उघडण्याआधी गुरुजींना विचारा, पत्ते काय काय खेळायचात? कोकणातल्या त्यांच्या पिढीत गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट न खेळलेला माणूस शोधावा लागेल. उतारी कोणाची, हुकूम कोणता, कुठलं पान कापायचं, भिडूच्या पानावरून त्याच्या हातात काय असेल, हे सगळं त्यांच्या बोटांत मुरलेलं असतं. आणि नेमकं याच पायावर उभे असलेले नवे खेळ आहेत. 'द क्रू' घ्या. थॉमस झिंग यांचा, २०१९चा, जर्मनीत २०२०मध्ये मानाचा पुरस्कार मिळालेला. पानं फक्त ४०: चार रंगांत १ ते ९ आणि हुकमाची चार. उतारीच्या रंगाचं पान घालायचं, मोठं पान हात नेतं, हुकूम सगळ्यांना कापतो. फरक एवढाच की इथे सगळे एकाच बाजूचे असतात. ठरलेलं पान ठरलेल्या माणसाकडेच गेलं पाहिजे, आणि तेही आपसात पानं न सांगता. एका डावात एकदाच, एक पान उघडं ठेवून खूण करता येते, की या रंगातलं माझं हे सगळ्यात मोठं आहे, सगळ्यात लहान आहे किंवा एकुलतं एक आहे. मेंढीकोटात वर्षानुवर्षं भिडूचा हात ओळखत आलेल्या माणसाला हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. मोबाइलवर वाढलेल्या मुलांनाच पत्त्यांचे 'हात' म्हणजे काय हे आधी समजवावं लागतं. त्या टेबलावर तुमच्या सल्ले देणाऱ्या मित्राला गुरुजींच्या समोर बसवा.

त्याआधी एक-दोन रविवार साधा मेंढीकोटच खेळा, आणि तो तुम्हाला गुरुजींनी शिकवावा. चार गडी, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं, चारही दश्श्या घेतल्या की कोट. बंद हुकूम कसा ठेवायचा ते त्यांच्याकडूनच ऐका.

मावशींसाठी मी दुसरी वाट घेईन. हर्णैच्या किनाऱ्यावर ज्या बाईने लिलावात उभं राहून टोपल्या घेतल्या, तिला आकड्यांची आणि समोरच्याच्या तोंडाची पारख असते. पुढचा बोली किती चढवेल, कुठे थांबेल, आपल्याला दापोलीत काय भाव सुटेल, हा हिशेब तिथे क्षणात करावा लागतो. मग त्यांना 'फॉर सेल' का नाही देत? आधी बोली लावून १ ते ३० आकड्यांची घरं घ्यायची, मग तीच घरं चेक मिळवण्यासाठी विकायची. वीस-तीस मिनिटांचा डाव, सहा जणांपर्यंत खेळता येतो, आणि वाचायचं ते फक्त आकडे. आकडे इंग्रजी असतात, पण ते नोटेवर आणि मोबाइलवर मावशी रोजच बघतात. बोली वाढवायची की सोडून देऊन खालचं घर घ्यायचं, या एका पेचावर सगळा खेळ चालतो. सुरुवातीला उगाच चढ्या बोलीने पैसे उडवणारे तुमच्यातलेच असतील. यात मावशी रमल्या तर मग कटान पुन्हा काढा. त्यातली देवाणघेवाण, "दोन लाकडं घे नि मला एक लोकर दे", त्यांना पाण्यात माशासारखी जमेल.

कोडनेम्स तुमच्याकडे आहेच, तर तो मराठीत करून घ्या. कोऱ्या कार्डांवर जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत शब्द लिहायचे, २५ मांडायचे, कोणता शब्द कोणत्या गटाचा ते दाखवणारी रंगांची किल्ली मूळ पेटीतलीच वापरायची. किल्ली बघणाऱ्याने एक शब्द आणि एक आकडा एवढीच खूण द्यायची, त्याच्या गटाने त्यावरून तेवढे शब्द ओळखायचे. शब्द आपल्याकडचे घ्या: खाडी, पाट, वडा, बंदर, कोयता, सैन्य, फणस, मास्तर. "भरती, दोन" एवढं गुरुजींनी म्हटलं की खाडी आणि सैन्य दोन्ही उघडता आली पाहिजेत. इथे गुरुजी तुम्हाला सगळ्यांना भारी पडतील आणि मावशीही मागे राहणार नाहीत. इंग्रजी खेळात वयाचा म्हणून जो अडथळा वाटत होता, त्यातला बराचसा भाषेचा होता हे ग्रुपला त्या दिवशी दिसेल.

बिनमजकुराचा आणि सुंदर खेळ हवा असेल तर अझुल आहे, पोर्तुगीज फरशांच्या नक्षीवर बेतलेला, मायकेल कीसलिंग यांचा. ठोकळे जाडजूड, हातात धरायला छान. टिकिट टू राइडला भारताच्या १९११च्या रेल्वेचा नकाशाही जोड म्हणून मिळतो. गावांची नावं मराठीत लिहून एक मोठी यादी बाजूला ठेवलीत तर गुरुजींना तो आवडेल असं मला वाटतं. क्विर्कल हा रंग आणि आकार जुळवायचा खेळ मात्र दिवसाउजेडी खेळा, त्यातला लाल आणि नारिंगी पिवळट दिव्याखाली फसवतो.

नियम सांगायची पद्धतही बदला. अर्धा तास नियम ऐकून कोणाचंही डोकं भणभणतं. आधी जिंकायचं कसं ते एका वाक्यात सांगा, लगेच एक फेरी सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा, बाकीचे नियम ज्या क्षणी लागतील त्या क्षणी सांगा. पहिला डाव धरायचा नाही, गुण लिहायचे नाहीत. आपल्या खेळीत काय काय करता येतं, तेवढंच मराठीत, मोठ्या ठशात, एका कागदावर छापून प्रत्येकापुढे ठेवा.

आणि तोच खेळ सलग तीन-चार रविवार खेळा. याला मी फार महत्त्व देईन. तुमच्यासारख्या ग्रुपना दर आठवड्याला नवी पेटी उघडायची हौस असते. वयस्कर माणसाला खेळ अंगवळणी पडायला दोन रविवार लागतात, आणि नेमकं तिसऱ्या रविवारी तो खेळ कपाटात जातो. म्हणजे दर वेळी ते नवखेच राहतात. एका टेबलावर महिनाभर एकच खेळ ठेवा आणि तिसऱ्या डावाला काय होतं ते बघा.

तुमच्या मित्रांची तक्रार मी झटकून टाकणार नाही. आठवडाभर काम करून आलेल्या माणसाला रविवारी तीन तासांचा जड खेळ हवा असतो, त्यात काही गैर नाही. तर वेळ वाटून घ्या. पाच ते सात एकत्र, छोटे डाव. सातनंतर ज्यांना मोठा खेळ मांडायचाय त्यांनी मांडावा. सात ही वेळ कडक पाळा. गुरुजींच्या वयात जेवणाची आणि गोळ्यांची वेळ साडेदहापर्यंत ढकलता येत नाही, आणि डाव अर्धा टाकून उठणं त्यांना अपमानाचं वाटतं. पहिल्या दोन तासांतही दोन टेबलं करता येतील, पण ज्येष्ठांबरोबर दर वेळी तुम्हीच बसलात असं होऊ देऊ नका. आळीपाळीने प्रत्येकाने बसायचं. नाहीतर ते टेबल तुमच्या घरचं होईल, ग्रुपचं होणार नाही.

वेगळ्या कॅरम-ल्युडोच्या दिवसाला माझा विरोध आहे. कॅरम उत्तम खेळ आहे, पण इथे तो त्यांना बाहेर ठेवण्यासाठी सुचवला गेलाय. शिवाय दुखऱ्या बोटांना स्ट्रायकर मारणं अझुलचा ठोकळा उचलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, एवढाही विचार त्यामागे दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले त्याबद्दल थोडंसं. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ३,६७५ ज्येष्ठांचा २० वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. बैठे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे १५ टक्के कमी दिसलं. पण सुरुवातीची बुद्धीची स्थिती आणि नैराश्य हिशेबात धरल्यावर तो फरक ठामपणे उरला नाही. डॉक्टरांचा सल्ला चांगलाच आहे. गुरुजींना बोलावताना मात्र "तुमच्या मेंदूसाठी चांगलं" हे वाक्य तोंडातून काढू नका. औषध म्हणून कोणी खेळायला येत नाही.

ज्येष्ठांकडूनही काही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. टाकलेलं पान परत उचलणं, दुसऱ्याच्या खेळीवर शेरे मारणं, "आमच्या वेळी" सुरू करून डाव थांबवणं, हे होईल. पहिल्या डावात सोडून द्या, दुसऱ्यापासून जो नियम तुम्हाला तोच त्यांना. नातीने सांगण्यापेक्षा हे ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी हसत सांगितलेलं बरं. पैसे लावायचे नाहीत, चार आणेसुद्धा. आणि रोजच्या सवयीचा नियम कोणी पुन्हा पुन्हा, आधी कधी नव्हतं इतकं विसरू लागलं, तर टेबलावर त्याची चर्चा नको. घरच्यांशी एकांतात बोला.

त्यांच्याकडचंही काही बाहेर येऊ द्या. कोणाच्या माळ्यावर सारीपाटाचा कापडी पट असेल, सोंगट्या, कवड्या असतील. सावंतवाडीला राजवाड्यात अजून गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांच्या दहा रंगांत बारा-बारा, अशी १२० गोल पानं असतात. दिवसा खेळलात तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची. बोर्डगेमच्या वेडाने पछाडलेल्या मुलांनी एकदा तरी तिकडे जाऊन ती पानं बघावीत. परदेशी खेळांतल्या ज्या करामतींचं तुम्हाला अप्रूप वाटतं, त्यातल्या बऱ्याच तिथे सापडतील. त्या सहलीला गुरुजींना घेऊन जा.

आता बोलवायचं कसं? व्हॉट्सॲपवर नाही आणि "याल का हो आजोबा" असंही नाही. ज्या मित्राने खेळी सांगितल्या, त्यालाच घेऊन घरी जा. त्याने "त्या दिवशी मी फार बोललो" एवढं म्हटलं तरी पुरे. मग बावन पानांचा कॅट पुढे ठेवून विचारा, "मेंढीकोटाला चौथा गडी कमी पडतोय, तुम्ही बसाल का?" तुम्ही, तो मित्र आणि मावशी असे तीन गडी आधी पक्के करा, म्हणजे विचारताना ते खरं असेल. मावशींना आधी विचारा, कारण त्या "हो" म्हणाल्या की गुरुजींना नाही म्हणणं जड जाईल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांच्या घरची बाकीची माणसंही मोकळी असतात. कोणी सोबत आलं तर येऊ द्या. आणि पावसात अंधारातून आणायला-सोडायला कोण जाणार, त्याचं नाव त्याच वेळी सांगून टाका.